गतिसमन्वय मंडले, तंत्रिकीय

गतिसमन्वय मंडले, तंत्रिकीय : चालताना, धावताना वा पोहताना शरीराच्या डाव्या व उजव्या बाजूंचे स्नायू ठराविक क्रमाने आकुंचित करविणारी, मुख्यतः मेरुरज्जूत असलेली तंत्रिका कोशिकांची जाळी. मेंदूपासून तोडलेला मेरुरज्जूही चालण्याची लय निर्माण करू शकतो, असे टॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले. मेरुरज्जूच्या इजेनंतर रुग्णाला पुन्हा चालते करण्याच्या प्रयत्नांना याच गुणधर्माचा आधार आहे.

मध्यरेषा ओलांडणाऱ्या काही कोशिका एक बाजू कार्यरत असताना दुसरीचे निरोधन करतात; त्यामुळे पाय आळीपाळीने पडतात. तुकाराम महाराजांच्या पालखीबरोबरचे अश्व लोणी काळभोरच्या (जि. पुणे) मुक्कामी येतात ते सावकाश चालत; रिंगणात मात्र ते चौखूर धावतात व त्यांचे मागचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र पडतात. मेरुरज्जू तोच, वेगानुसार त्यातील कार्यरत कोशिका तेवढ्या बदलतात. उंदरांवरील प्रयोगांत (२०१३) व्ही-० गटातील निरोधी कोशिका काढल्यावर मंद लयीतील आळीपाळी, तर उद्दीपक कोशिका काढल्यावर अधिक वेगातील आळीपाळी नाहीशी झाली. सर्वच काढल्या, तेव्हा उंदीर सशासारखे उड्या मारू लागले.

आइसलँडी घोड्यांत डीएमआरटी-३ या जनुकातील एका बदलामुळे एकाच बाजूचे पुढचे व मागचे पाय बरोबर टाकण्याची चाल शक्य होते, असे २०१२ मध्ये आढळले. अशा घोड्यांना चौखूर धावणे मात्र जड जाते.