बेकारीच्या काळातील शिक्षण : बाबासाहेबांच्या तीन वर्षांचा धडा

शाळेच्या कार्यक्रमाला माजी विद्यार्थी आवर्जून येतात. त्यांतील काहीजण कार्यक्रम आटोपल्यावर मागे रेंगाळतात आणि हळूच विचारतात, "सर, पदवी झाली, काम मात्र मिळत नाही. आता पुढे शिकावे की मिळेल ते काम धरावे?" २०२० च्या टाळेबंदीत पुणे, चाकण, वाळूज येथून कितीतरी मुले जिंतूर, गंगाखेड, पाथरीकडे परतली. त्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत देशाचे उत्पन्न सुमारे २४ टक्क्यांनी घटले होते. तेव्हापासून हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या १९१७ ते १९२० या तीन वर्षांत सापडते.

कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासानंतर बाबासाहेब १९१६ साली लंडनला गेले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. पहिल्या महायुद्धाचा, भडकत्या महागाईचा तो काळ होता. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेचे चटके बसले, राहायला जागाही मिळेना. ती नोकरी सुटली. मुंबईत त्यांनी खासगी शिकवण्या घेतल्या, भागभांडवलाविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला; पण जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. जगातील नामांकित विद्यापीठात शिकलेला हा माणूस उपजीविकेसाठी वणवण करीत होता. म्हणून काम नसलेल्या तरुणाने स्वतःला नालायक समजण्याचे कारण नाही.

या ओढगस्तीच्या दिवसांतही त्यांची लेखणी थांबली नाही. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींविषयीचा त्यांचा निबंध अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, हे रिकामे हात सामावून घेणारे दुसरे उद्योग नाहीत, हे शेतीच्या दुखण्याचे मूळ आहे. त्यावर औद्योगिकीकरण हा उपाय आहे, असे त्यांनी त्यात मांडले. कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या आपल्या परभणी जिल्ह्याला हे विवेचन आजही लागू पडते. बेकारी हा व्यक्तीचा दोष नसून अर्थव्यवस्थेचा आहे, हे त्यातून उमगते. शिक्षणाने आपोआप नोकऱ्या निर्माण होत नाहीत, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मग शिकायचे कशासाठी आणि कसे? त्याचे तीन धडे त्या तीन वर्षांत आहेत.

पहिला धडा असा की, खंड पडला तरी दोर तोडू नये. लंडन सोडताना बाबासाहेबांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. आपली मुले मात्र एखादा विषय राहिला की महाविद्यालयाकडे पाठ फिरवतात. राहिलेला विषय सोडवणे, गुणपत्रिका व जातीचे प्रमाणपत्र जपून ठेवणे, परीक्षा अर्जाची मुदत विचारणे ही कामे फार मोठ्या खर्चाची नाहीत. मजुरी सांभाळून शिकायचे असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आहे. मात्र दूरशिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमास विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहावे.

दुसरा धडा कर्जाविषयीचा आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत राहून त्यांनी पगारातून शिल्लक टाकली. त्यानंतर शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपयांचे कर्ज घेऊन जुलै १९२० मध्ये ते लंडनला गेले. आधी स्वतःची बचत, हाती निश्चित प्रवेश, आणि मग कर्ज, असा हा क्रम आहे. आपल्याकडे तो उलटा झाला. गावोगावी डी.एड.ची महाविद्यालये निघाली. पालकांनी प्रसंगी शेत विकून मुलांना तेथे घातले. पुढे २०१२ पासून राज्यातील शिक्षकभरती जवळपास थांबली आणि हजारो पदविका घरात पडून राहिल्या. म्हणून पालकांना हात जोडून सांगणे आहे : शेजाऱ्याचा मुलगा शिकतो म्हणून तोच अभ्यासक्रम घेऊ नका. त्या शिक्षणानंतर प्रत्यक्षात किती जणांना काम मिळाले, हे त्या संस्थेच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. स्पर्धा परीक्षेसाठी मुलगा पुण्याला जात असेल, तर किती वर्षे आणि नंतर काय, हे निघण्यापूर्वीच ठरवा. शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन मिळते. नियमित प्रवेश असूनही शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. हक्काचे आधी घ्यावे, सावकाराकडे जाण्याची वेळ येऊ देऊ नये.

तिसरा धडा घराचा आहे. बाबासाहेब परदेशी असताना माता रमाईंनी तुटपुंज्या पैशांत संसार ओढला. एकाच्या शिक्षणाची किंमत सारे घर मोजते. तेव्हा शिकणाऱ्याने घरच्यांना खरी स्थिती सांगावी, जमेल ते काम करावे, आणि बहिणीचे शिक्षण थांबवून भावाचे चालवू नये.

१९२३ साली पैसे संपल्याने बाबासाहेबांना पुन्हा परतावे लागले. परीक्षकांनी सुचविलेल्या दुरुस्त्या त्यांनी मुंबईत बसून केल्या आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. 'रुपयाचा प्रश्न' हा तो प्रबंध. लंडनचे ग्रंथालय दूर राहिले, पण काम अपुरे राहिले नाही.

या शाळेतून शिकून नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. आपल्या गावातील बेकार मुलाला वर्षातून एकदा तरी घरी बोलवा, त्याचा अर्ज भरून द्या, अभ्यासक्रमाची चौकशी करून द्या, वापरून झालेली पुस्तके त्याच्या हाती ठेवा. नोकरी देणे आपल्या हाती नसेल. त्याचे रिकामे दिवस वाया न जाऊ देणे मात्र आपल्या हाती आहे. जयभीम!