लॅपटॉप स्लो झालाय? पैसे घालण्याआधी दोन मिनिटं हे बघा

बटण दाबायचं, गॅसवर चहा ठेवायचा, आणि चहा कपात आला तरी स्क्रीनवर ते गोल फिरतच असतं. सहा-सात वर्षं जुना लॅपटॉप असलेल्या घरात हे रोजचं आहे. दुरुस्तीला नेला की एक जण म्हणतो फॉरमॅट मारा, दुसरा म्हणतो रॅम वाढवा, तिसरा म्हणतो आता नवीनच घ्या. यातल्या बऱ्याच जणांनी लॅपटॉप नेमका कुठे अडतोय हे पाहिलेलंच नसतं.

ते तुम्ही घरी पाहू शकता. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. लॅपटॉप रखडत असतानाच हे करा, नाहीतर आकडे काही सांगणार नाहीत. सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांकडे बघा.

डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा हेच दिसतं. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी असते. लॅपटॉपमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि एक बारीक हात तिच्यावर इकडेतिकडे सरकून माहिती वाचतो. प्रत्येक वेळी हात सरकायला आणि तबकडी फिरून हवी ती जागा खाली यायला मिळून दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला जेमतेम शंभर. विंडोज सुरू होताना मात्र हजारो छोट्या फायली मागतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे असा एक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर मिळतो. म्हणूनच प्रोसेसर तोच, रॅम तीच ठेवून फक्त एसएसडी टाकली तरी लॅपटॉप बदलल्यासारखा वाटतो.

जुन्या लॅपटॉपला बहुधा अडीच इंची साटा एसएसडी चालते. सगळ्यात महागडी, सगळ्यात वेगवान एसएसडी घेऊ नका. जुना लॅपटॉप तो वेग वापरूच शकत नाही. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीचं स्टोरेज मदरबोर्डलाच चिकटवलेलं असतं. तिथे हा उपाय नाही.

मेमरी भरलेली असेल तर

ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडताच मेमरी ९० टक्क्यांवर जात असेल, तर रॅम कमी पडतेय. यात एक गोम आहे. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं, त्यामुळे डिस्कही १०० टक्के दिसते. दोन्ही भरलेले दिसले, तर एकटी एसएसडी टाकून पूर्ण आराम मिळणार नाही.

उलटा घोटाळा मी स्वतः केलाय. कुणीतरी सांगितलं म्हणून रॅम ४ ची ८ जीबी केली आणि फरक जवळपास शून्य. नंतर पाहिलं तर मेमरी आधीही साठ टक्क्यांच्या वर जात नव्हती. अडचण डिस्कची होती.

रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात मेमरीवर क्लिक करा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे दिसतं. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बदलताच येत नाही.

परफॉर्मन्स भागात सीपीयूवर क्लिक करून टक्केवारीबरोबर वेगही बघा. मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि काम चालू असताना जेमतेम ०.८ दिसत असेल, तर धुळीने पंखा तुंबून लॅपटॉप तापतोय का ते पाहा. काही लॅपटॉप ओळखीचा चार्जर नसेल तरी वेग कमी ठेवतात.

थांबा, आधी फोटो काढून घ्या

लॅपटॉप नुकताच अचानक स्लो झालाय, ठरावीक फोल्डर उघडताना गोठतोय किंवा आतून टिकटिक येतेय? मग ती डिस्क मरायला टेकलेली असू शकते. अशा वेळी फॉरमॅट नको, क्लीनर सॉफ्टवेअर तर नकोच. आधी फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, बँकेची कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. लॅपटॉप नवा मिळतो, लग्नाचे फोटो नाही.

खर्च करावा का?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. २०१६ चा लॅपटॉप यात अधिकृतपणे बसत नाही. त्यावर बँकेचे व्यवहार चालत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: एसएसडी टाकून लिनक्स मिंट वापरा, ते फुकट आहे आणि मराठी टायपिंगही होतं. पण टॅलीसारखं फक्त विंडोजवरचं काम असेल, तर जुन्यावर मोठा खर्च करू नका.

बिजागरी तुटलीय, बॅटरी गेलीय, कीबोर्डची अर्धी बटणं रुसलीत, असं सगळं एकदम असेल तरीही नकोच. मन होत नसेल तर फक्त एसएसडी घ्या. लॅपटॉप उद्या बंद पडला तरी ती काढून यूएसबी केसिंगमध्ये बसवता येते आणि बॅकअपला वापरता येते. जुनी हार्ड डिस्क ठणठणीत असेल तर तिचंही तसंच करता येतं.