व्हिसा अडला की विद्यापीठ अडते

परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश, प्राध्यापकांची देवाणघेवाण, संयुक्त पदव्या आणि परक्या देशात उघडलेल्या शाखा, या सगळ्याला मिळून विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीयीकरण म्हणतात. करार विद्यापीठे करतात. पण विद्यार्थ्याला देशात येऊ द्यायचे की नाही, हे सरकार ठरवते. त्यामुळे राजकारण तापले की पहिला फटका व्हिसाला बसतो.

महाराष्ट्रात या व्यवहाराचे जुने केंद्र पुणे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ ही संस्था काढली, ती परदेशी विद्यार्थ्यांना या शहरात आपले कोणीतरी असावे म्हणून. पुढे अफगाण विद्यार्थीही मोठ्या संख्येने पुण्यात आले. अनेकांना भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीचा आधार होता. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. दहाच दिवसांनी भारताने अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द ठरवले आणि करोनाकाळात घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. पुण्यात उरलेल्यांची अडचण वेगळी होती: शिक्षण संपल्यावर परतायचे कुठे? विद्यार्थिनींसाठी तर हा प्रश्न अधिकच बिकट, कारण डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठाची दारेच बंद केली.

भारतीय मुलांनाही हे चटके बसले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा ‘ऑपरेशन गंगा’ या सरकारी मोहिमेतून सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी परतले. त्यांत बहुतेक वैद्यकीयचे विद्यार्थी होते. जीव वाचला, पण वर्षे लोंबकळली. त्यांना इथल्या महाविद्यालयांत सामावून घेण्याची कायद्यात तरतूद नाही, असे केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. मूळ विद्यापीठाची पदवी कायम ठेवून तिसऱ्या देशात अभ्यास पुरा करण्याची मुभा मिळाली. पण तो मार्ग ज्याच्या खिशाला झेपेल त्याचाच. युद्ध नसतानाही वाट अडू शकते. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये ३,३१,६०२ भारतीय शिकत होते. २०२५च्या मे-जूनमध्ये तिथल्या विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींची नोंदणी सुमारे तीन आठवडे थांबली.

परदेशी विद्यापीठच इथे आणणे, हा यावरचा एक तोडगा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये त्यासाठी नियम केले. २०२५ मध्ये यॉर्क, ॲबरडीन यांसारख्या विद्यापीठांना मुंबईसाठी इरादापत्रे मिळाली. व्हिसाची कटकट मिटेल, मात्र शुल्क ठरवण्याची मोकळीक त्या विद्यापीठांनाच आहे.

म्हणून गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यासारख्या गावातून थेट परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याने प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: पदवी भारतात मान्य आहे का, आणि शिक्षण मध्येच थांबले तर ते कुठे, कोणाच्या खर्चाने पुरे होणार?