कातडीची साक्ष

हात सरळ ठेवून कोपराच्या हाडाच्या टोकावर शाईचा ठिपका द्यावा आणि मग हात दुमडावा. हाडाचें टोक ठिपक्याखालून सरकून गेलेलें आढळेल. मनुष्याच्या चालण्याचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांपुढें हीच अडचण उभी असते.

चाल मोजण्यासाठीं कंबर, मांडी व नडगी यांवर चकाकणाऱ्या बारीक गोळ्या चिकटवितात व कॅमेऱ्यांनीं त्यांचा माग घेतात. किंवा त्वरण आणि फिरण्याचा वेग नोंदणारीं चिमुकलीं यंत्रें पट्ट्यानें बांधतात. दोहोंतही गृहीत एकच : कातडी हालते तसेंच हाड हालतें. परंतु या दोहोंमध्यें चरबी व स्नायू आहेत. पाऊल जमिनीवर आदळलें कीं तीं थरथरतात; स्नायू आकसला कीं फुगतो; सांधा वळला कीं कातडी ताणली जाते.

ही शंका जुनीच आहे. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कॅलिफोर्निया विद्यापीठांतील लेव्हन्स, इन्मन व ब्लॉसर यांनीं स्वयंसेवकांच्या हाडांतच धातूच्या पिना बसवून चाल मोजली. पुढें १९९७ सालीं राइनश्मिट व त्यांचे सहकारी यांनीं धावणाऱ्यांच्या हाडांतील पिना व कातडीवरील खुणा यांची एकाच वेळीं तुलना केली. गुडघ्याच्या दुमडण्यांत कातडीची चूक एकंदर हालचालीच्या सरासरी २१ टक्के भरली. नडगी स्वतःभोवतीं फिरण्यांत ६३, तर बाजूस झुकण्यांत ७० टक्के. दोष मुख्यतः मांडीचा होता, कारण तेथें मांस अधिक.

ही चूक गणितानें गाळून टाकतां येत नाहीं काय? येथेंच खरी मेख आहे. कातडीचें सरकणें पावलाच्याच तालावर होतें. म्हणून तें गाळूं गेल्यास हाडाची खरी हालचालही गळून जाते. शिवाय तें प्रत्येक देहांत व प्रत्येक हालचालींत निराळें असतें.

म्हणून कातडीची साक्ष टाकाऊ ठरते असें नव्हे. यंत्र हलकें असावें, घट्ट बांधावें व शक्य तेथें हाड वर असलेल्या जागीं बसवावें. पावलें किती पडलीं, गुडघा साधारण किती दुमडला, या प्रश्नांना ती समाधानकारक उत्तर देते. सूक्ष्म वळणांविषयीं मात्र तिच्यावर विसंबूं नये.

हा भेद केवळ प्रयोगशाळेपुरता नाहीं. सेरेब्रल पाल्सीमुळें पाय आंत वळवून चालणाऱ्या मुलाच्या मांडीचें हाड कापून फिरवावें कीं नाहीं, हें ठरवितांना चालीच्या मोजणीचा आधार घेतात. आणि मांडीचें फिरणें हेंच कातडीवरून मोजण्यास सर्वांत कठीण. तेथें हातानें केलेली तपासणी व हाडाचें चित्र यांचा मेळ बसल्यावांचून शस्त्र उचलणें योग्य नव्हे.