दिवसाला दोन हजार लिटर

उजव्या बरगड्यांखाली सव्वा ते दीड किलोचा एक तपकिरी-तांबडा अवयव असतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं त्यातला चौथा हिस्सा यकृताला मिळतो. मिनिटाला सुमारे दीड लिटर. दिवसाचा हिशेब दोन हजार लिटरच्या वर जातो, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या. अर्थात अंगात रक्त पाचच लिटर, तेच फिरून फिरून येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तातलंही तीन चतुर्थांश येतं आतड्यांकडून. जे खाल्लं, प्यायलं, गोळी म्हणून गिळलं, ते (तेलातुपाचा अपवाद सोडला तर) आधी यकृतापुढे हजर होतं आणि मग बाकीच्या शरीरात जातं.

दर सेकंदाला आपल्या अंगात वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी मरतात. त्यांच्या हिमोग्लोबिनपासून दिवसाला 250 ते 300 मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. यकृत ते पित्तात सोडत राहतं, म्हणून निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात ते एक मिलिग्रॅमच्या आसपासच असतं. ते तीनवर गेलं की डोळे पिवळे दिसू लागतात. दोन मिलिग्रॅमचा फरक, आणि घरात धावपळ सुरू.

मग कोणीतरी काविळीची माळ आणतं. डोक्यावर ठेवलेली माळ दिवसागणिक लांबत गळ्यात, छातीवर येते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असं सांगतात. खरं म्हणजे दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपसूक ओसरते, श्रेय तेवढं माळेला मिळतं. 1955-56 मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि दिल्लीत 29 हजारांवर लोकांना कावीळ झाली. तेव्हाच्या रक्ताचे जपलेले नमुने पुढे तपासले, त्यात पुण्याच्या विषाणू संस्थेचाही वाटा होता. साथ हिपॅटायटिस ए ची नव्हती, हे 1980 साली सिद्ध झालं; ती पुढे 'ई' ची ठरली. या 'ई' विषाणूने गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाठलं तर पाचातली एक बाई दगावू शकते. तिथे माळेच्या भरवशावर बसणं म्हणजे जिवाशी खेळ.

हिपॅटायटिस बी चा मामला निराळा. विषाणूचा व्यास 42 नॅनोमीटर, एका मिलिमीटरवर ओळीने जवळपास 24 हजार बसतील. काही रुग्णांच्या एका मिलिलिटर रक्तात तो शंभर कोटींपर्यंत सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात 25 कोटी 40 लाख लोकांच्या अंगात तो मुक्कामाला होता, भारतात सुमारे तीन कोटींच्या. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या 95 जणांच्या शरीरातून तो हुसकला जातो. जन्मताना आईकडून झाली तर 90 जणांत तो कायमचा राहतो. म्हणून बाळाला पहिली लस 24 तासांच्या आत.

तीन कोटींतल्या बहुतेकांना पत्ताच नसतो. अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे की 1982 साली 'कुली'च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना हा विषाणू मिळाला आणि कळेपर्यंत 75 टक्के यकृत निकामी झालं होतं. मधल्या काळात ते काम करतच होते. यकृताजवळ एवढं जास्तीचं बळ आहे की जिवंत दात्याचा 60 टक्क्यांहून अधिक भाग काढून दुसऱ्याला बसवला तरी उरलेला तुकडा दोन-तीन महिन्यांत बराचसा पूर्ववत वाढतो. माझ्या मते ही श्रीमंतीच घात करते. तक्रार पोहोचेपर्यंत तिजोरी रिकामी झालेली असते.

दारूचा हिशेब सोपा आहे. क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलिलिटरमध्ये, 60 ग्रॅम अल्कोहोल; यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत पुरते. न पिणाऱ्यांनी फार हसू नये: पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की फॅटी लिव्हर, आणि ते जगातल्या दर तीन प्रौढांपैकी जवळपास एकाला आहे.

पुढची वाट सिरोसिसची, म्हणजे यकृत निबर होत जाण्याची, बहुधा वीस-तीस वर्षांची. गंमत अशी की तोवर एसजीपीटी (यकृताच्या पेशींतून रक्तात गळणारं विकर) चाळिशीच्या आत येऊ शकतं, कारण गळायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात. मग जलोदर होतो. पोटातून एका बैठकीत सहा लिटर पाणी काढलं तर लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं लागतं, म्हणजे 100 मिलिलिटरच्या दोन-तीन बाटल्या. एकेकीची किंमत काही हजार रुपये, आणि ती भरलेली असते इतरांनी दिलेल्या रक्तद्रवातून. धडधाकट यकृत हेच अल्ब्युमिन रोज 10 ते 15 ग्रॅम बनवतं.