पाळी सांभाळून एमबीए

खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याने एमबीए कुठून करावं, हे संस्थेच्या नावापेक्षा लोकलच्या वेळापत्रकावर ठरवावं. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेचे नोकरदारांसाठीचे संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम मानाचे खरे. पण कर्जत ते सीएसएमटी सुमारे शंभर किलोमीटर, एका बाजूने दोन तास, पुढे खोपोलीची गाडी बहुतेक वेळा निराळी. त्यात दुसरी पाळी लागली की वर्ग बुडालाच. त्यापेक्षा १९८९ साली नाशिकला स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बरं. ‘घरबसल्या पदवीला कोण विचारतं?’ हा आक्षेप नवी नोकरी शोधणाऱ्यापुरता रास्त आहे. आहे त्याच कारखान्यात बढती हवी असेल, तर स्टोअरमध्ये पडून राहिलेल्या मालाचा हिशेब अभ्यासक्रमाच्या प्रकल्पात नीट मांडलेला साहेबाला जास्त पटतो. वर्गातल्या सोबत्यांची उणीव मात्र राहतेच. ती गाडीतल्या ग्रुपने थोडीफार भरते.