एका पावलात 37 लाख कण

मानेच्या दोन मणक्यांमधली कृत्रिम गादी बाजारात येण्याआधी यंत्रात 1 कोटी वेळा वाकवली जाते. आयएसओ 18192-1 हे मानक तसं सांगतं. भोवती वासराच्या रक्तातला पातळ केलेला द्रव, तापमान 37 अंश, वरून साधारण 5 ते 15 किलोंचा बदलता भार, पुढे-मागे साडेसात अंश झुकणं, शिवाय कलणं आणि वळणं. सेकंदाला एक फेरा, म्हणजे सलग 116 दिवस. लक्ष्मीपूजनाला सुरू केलेली चाचणी महाशिवरात्रीपर्यंत चालेल. प्रत्यक्षात आणखी लांबते, कारण मधूनमधून गादी काढून, धुऊन, सुकवून तोलावी लागते.

गादीतल्या गोलाकार भागाची त्रिज्या 5 मिलिमीटर धरा. पुढे-मागे झुकण्याच्या एका फेऱ्यात त्याचा पृष्ठभाग जेमतेम 2.6 मिलिमीटर घासतो. 1 कोटी फेऱ्यांत होतात 26 किलोमीटर. गोरेगावहून लोकलने चर्चगेट गाठायला साधारण तेवढंच अंतर कापावं लागतं!

मग झिजतं किती? काही गाद्यांत सिरॅमिक असतं, आणि सिरॅमिकवर सिरॅमिक घासणाऱ्या जोडीची सर्वाधिक मोजमापं खुब्याच्या सांध्यावर झाली आहेत. फ्रान्समध्ये पिएर बुतँ यांनी 1970 मध्ये ॲल्युमिना या सिरॅमिकचा खुबा बसवला, तेव्हापासूनची ही वाट. सांधा नीट बसलेला असेल, तर 10 लाख पावलांमागे झीज 0.1 घनमिलिमीटरच्याही खाली राहते. वजनात सांगायचं तर फार तर 0.4 मिलिग्रॅम. खुब्याच्या चाचणीचं मानक तराजूकडून 0.1 मिलिग्रॅमची अचूकता मागतं. त्यामुळे द्रवातल्या प्रथिनांचा पुसट थर उरला किंवा पकडीच्या धातूचा ओरखडा उमटला, तरी झिजलेला सांधा जड झाल्यासारखा दिसू शकतो.

आता त्या 0.1 घनमिलिमीटरला 10 लाखांनी भागा. एका पावलामागे उरतात 100 घनमायक्रॉन, जवळजवळ एका तांबड्या रक्तपेशीएवढं आकारमान. मला यापुढचा हिशेब जास्त अस्वस्थ करतो. सिरॅमिकच्या झिजेत 5 ते 90 नॅनोमीटरचे कण सापडले आहेत. 30 नॅनोमीटर बाजूचा घन धरला, तर त्या एका रक्तपेशीएवढ्या चुऱ्यात 37 लाख कण मावतात, आणि तेही एका पावलाचे.

मानेची हालचाल खुब्यापेक्षा लहान आणि भार हलका, त्यामुळे तिथली झीज कमी असावी. पण तिथे शेजारी मज्जारज्जू आहे, आणि मानेची गादी बसवून घेणारा रुग्ण बहुधा चाळिशीतला असतो. अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्ये मान्यता दिलेल्या ‘सिम्प्लिफाय’ या मानेच्या गादीत सिरॅमिकचा गाभा पीक नावाच्या प्लास्टिकच्या तबकड्यांवर सरकतो. अशा जोडीत तर दोन पदार्थांचा चुरा वेगवेगळा ओळखावा लागतो, आणि तराजूला तो ओळखता येत नाही. म्हणून नुसता मिलिग्रॅमचा आकडा मला अपुरा वाटतो. यंत्रातला द्रव जपून ठेवायचा, त्यातली प्रथिनं विरघळवायची, उरलेलं बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचं आणि गाळणीवर राहिलेले कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आकारानुसार मोजायचे. हे काम वेळखाऊ आहे, पण त्याचा आकडा वजनाच्या आकड्याशेजारी छापलाच पाहिजे.